हिमनदीवर स्वबळावर निघालेल्या काकांस अनावृत पत्र

आदरणीय काका,

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, आज सकाळी अलास्कातल्या जुनोच्या धक्क्यावर पाऊल टाकताच तुम्ही जी घोषणा केलीत, "गाइड कशाला? लुटायचे धंदे आहेत सगळे!", ती जहाजाच्या बाराही मजल्यांवर पोहोचली आणि संध्याकाळी तिचा पुढचा अंक आम्ही सगळ्यांनी कठड्याला टेकून पाहिला. तेव्हा सर्वप्रथम अभिनंदन. तुमचं नाव लिहीत नाही. लिहायची गरजही नाही, कारण मे ते सप्टेंबर सिॲटलहून उत्तरेला निघणाऱ्या प्रत्येक जहाजावर तुम्ही असताच. मुलगा रेडमंडला, सूनबाईंनी बुक केलेली बाल्कनीची खोली, डोक्याला कानटोपी, पायात मॉर्निंग वॉकचे बूट आणि गाठीशी कॉलेजात असताना केलेला हरिश्चंद्रगड.

तुमचा हिशेबही मला कळला. सहलींच्या काउंटरवर त्या मुलीने हेलिकॉप्टरने मेंडनहॉल हिमनदीवर नेऊन, बुटांना काटेरी क्रॅम्पॉन बांधून, दोरासकट चालवून आणण्याचा माणशी दर सांगितला. तुम्ही मनातल्या मनात डॉलरचे रुपये केलेत आणि त्याच क्षणी तुमच्यातला गिर्यारोहक जागा झाला. महाराष्ट्रात गिर्यारोहक जागे होण्याची इतरही कारणं आहेत, पण हे खात्रीचं.

आता तुमचं निम्मं बरोबर आहे, हे आधीच कबूल करतो, नाहीतर पत्र एकतर्फी होईल. मेंडनहॉल पाहायला गाइड लागत नाही. शहरापासून बारा-तेरा मैलांवर टोंगास राष्ट्रीय वनात अमेरिकेच्या वनखात्याने 1962 साली तिथे पर्यटक केंद्र उघडलं, त्या खात्याचं देशातलं हे पहिलंच. तिथून फोटो पॉइंटची वाट एवढी छोटी आणि सपाट, की बाबागाडी जाते. नगेट फॉल्स हा एकशेपंधरा मीटरचा धबधबा, त्याच्या पायथ्याशी जायला एका बाजूने मैलभर चाल. पाट्या आहेत, वनखात्याची माणसं आहेत, विचारलं तर हसून सांगतात. तिथे गाइड नेणं म्हणजे सारसबागेत वाटाड्या घेऊन जाणं. काउंटरवरची मुलगी हे आपण होऊन सांगत नाही, हा तुमचा मुद्दा मला शंभर टक्के मान्य.

पण तुम्हाला तेवढ्याने भागलं नाही. "लांबूनच बघायचं तर टीव्ही काय वाईट होता? बर्फाला हात लावून येतो," असं म्हणून तुम्ही दोन डॉलरच्या शहर बसने निघालात. ही बस पर्यटक केंद्रापर्यंत जात नाही, दीडेक मैल आधीच सोडते, हे तुम्हाला बसमध्ये कळलं. हरकत नाही, चालायलाच तर आला होतात. मग तळ्याच्या पलीकडच्या अंगाने जाणारी वेस्ट ग्लेशियर ट्रेल तुम्ही निवडलीत. तिची शिफारस तुमच्या बँकेतल्या मित्राने केली होती. तो स्वतः पंधरा वर्षांपूर्वी तिथे जाऊन बर्फावर उभा राहून फोटो काढून आला होता आणि तो फोटो तुम्ही वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला फोनवर दाखवत होतात.

काका, घोळ इथे झाला. हरिश्चंद्रगडाची वाट तुमच्या कॉलेजच्या दिवसांत होती तिथेच आजही आहे. बर्फाची वाट मात्र गेल्या आठवड्यात होती तिथे या आठवड्यात नसते. ही हिमनदी 1929 पासून पावणेदोन मैलांहून जास्त मागे सरकली आहे. समोर दिसणारं ते अख्खं तळं त्या काळातलंच, बर्फ हटला तिथे पाणी आलं. मित्राने पाय ठेवला होता तिथे आज उघडा खडक आहे, नाहीतर पाणी. तुमच्या हातात पंधरा वर्षांपूर्वीचा नकाशा होता आणि तुम्ही तो ताजा समजून निघालात. गाइडला पैसे देतात ते रस्ता दाखवण्याचे नव्हेच मुळी. तो परवा तिथे गेला होता, कोणती भेग परवा रुंद झाली आणि कोणता कडा काल कोसळला हे त्याला ठाऊक असतं. पैसे त्या 'परवा'चे असतात.

आणि अंतर! तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. भर पावसाळ्यात गावकऱ्याला वाट विचारली की तो "हे काय, समोरच" म्हणतो आणि पुढे दोन तास चढ असतो, हे तुम्ही मला परवा जेवताना सांगितलंत. मग तो निळा-पांढरा पट्टा "हे काय, समोरच" वाटला तेव्हा शंका कशी आली नाही? तिथे शेजारी घर नाही, विजेचा खांब नाही, म्हैस नाही. मापाला काहीच नाही, म्हणून मैलभर लांबची गोष्ट हाताशी वाटते. वाट एका बाजूने तीन मैलांहून जास्त, शेवटी ओल्या खडकांवरची चढण. हिमनदीने हजारो वर्षं घासून गुळगुळीत केलेला तो खडक पावसात कसा होतो, हे मी तुम्हाला काय सांगायचं? तुमच्या पँटच्या मागच्या बाजूने ते आधीच सांगितलं आहे.

तुमचा डावा बूट हा मात्र स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे. तो मी जवळून पाहिला. घोट्याच्या वर बोटभर उंचीपर्यंत राखाडी, सिमेंट कालवल्यासारखा, आणि वाळल्यावर त्यातून जो बारीक भुगा पडला तो आपल्या खोलीबाहेरच्या गालिच्यावर अजून आहे. तो चिखल नव्हे. हिमनदी सरकताना खालचा खडक दळत जाते आणि पिठासारखी पूड तयार होते, तीच पाण्यात मिसळून तळं दुधट दिसतं. काठावर ती ओली साचली की वरून घट्ट वाटते आणि पाय ठेवला की गिळते. तुमचा बूट परत आला. पाय सोडवायला ताकद लावता येते तशीच घाईही करता येते, आणि घाई केली की दुसरा पाय जातो. पाणी तर इतकं थंड असतं की काही मिनिटांत बोटं ऐकेनाशी होतात. वर तुम्ही जीन्स घातली होती. ओली जीन्स वारा लागला की अंगातली ऊब शोषून घेते. बर्फातून माणूस सुखरूप परततो आणि पँटमुळे गारठतो.

बर्फाच्या गुहांबद्दल तुम्ही वाटेत कुणा तरुणांना विचारलंत, हेही कानावर आलं. निळ्या छताखाली उभं राहून फोटो काढायची हौस मला कळते. घट्ट दाबलेला बर्फ प्रकाशातला तांबडा रंग शोषतो, म्हणून तो निळा दिसतो, आणि दिसतोही खरंच सुंदर. पण गुहा होते तीच मुळी बर्फ खालून वितळल्यामुळे, म्हणजे आत शिरायला जागा झाली याचा अर्थच छत पातळ होत चाललं आहे. तुम्हाला गुहा सापडली नाही हे आजच्या दिवसाचं सगळ्यात मोठं यश.

पाठपिशवीतल्या भाकरवडीचं काय करायचं? तुम्ही ती अभिमानाने नेलीत. पर्यटक केंद्राच्या परिसरात स्टीप क्रीक नावाचा ओढा आहे, तिथे उन्हाळ्यात सॅमन मासे अंडी घालायला चढतात आणि काळी अस्वलं ते खायला येतात. म्हणून तिथल्या वाटांवर पाण्याशिवाय खाण्यापिण्याचं काही नेऊ देत नाहीत. माणसाजवळ खाणं मिळतं हे अस्वलाला एकदा कळलं की त्याचं पुढे वाईट होतं. अस्वल दिसलं तर पळायचं नसतं, हळू मागे सरकायचं असतं आणि मोठ्याने बोलायचं असतं. यातलं तिसरं तुम्हाला जमलं असतं.

एक गोष्ट मात्र तुमच्या नशिबाने टळली. हिमनदीच्या वरच्या अंगाला एका बाजूच्या खोलगटीत पाणी साठतं आणि बर्फाचा बांध फुटला की ते एकदम खाली येतं. 2011 पासून हे चालू आहे. 2023, 2024 आणि 2025 या तिन्ही वर्षी ऑगस्टमध्ये मेंडनहॉल नदीने आधीचा उच्चांक मोडला. 2023 ला काठावरचं घर नदीत गेलेलं जगाने पाहिलं. इथल्या लोकांनी पुढे काठाने तात्पुरत्या भिंती उभारल्या. ते पाण्याची पातळी आपण पावसाचा अंदाज बघतो तशी रोज बघतात. तुम्ही तळ्याकाठी उतरलात तेव्हा तुमच्या फोनमध्ये फक्त मित्राचा फोटो उघडा होता.

आता संध्याकाळकडे येऊ. मला खरं तर यासाठीच लिहायचं होतं, बाकी सगळं प्रस्तावना.

जुनो ही अलास्काची राजधानी आहे आणि तिला बाहेरून येणारा रस्ता नाही. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि त्यामागे बर्फाचं पठार. साधारण बत्तीस हजार वस्तीच्या या गावात उन्हाळाभरात सोळा लाखांवर प्रवासी जहाजाने उतरतात. गर्दीला कंटाळून गावाने 2024 पासून दिवसाला मोठी जहाजं पाचच, असं ठरवून घेतलं. तुम्हाला घ्यायला ज्यांना धावावं लागलं असतं, ते डोंगरातले शोधपथकवाले स्वयंसेवक आहेत, म्हणजे आपापली कामं टाकून येणारी याच गावची माणसं. तुमच्यासारखे रोज हजारोंनी उतरतात, त्यातला एकेक शोधायचा म्हटलं तर त्यांनी घरी जेवायचं कधी?

जहाज आठला सुटणार, साडेसातला सगळे आत, असं सकाळी तीनदा सांगितलं होतं. तुमच्या मनगटावरच्या घड्याळात सिॲटलची वेळ होती, अलास्का त्याच्या एक तास मागे. चूक तुमच्या फायद्याची निघाली म्हणून वाचलात. उलट दिशेची असती तर? जहाज स्वतःच्या सहलीवर गेलेल्यांसाठी थांबतं, नाहीतर त्यांची सोय लावतं. स्वबळावर गेलेल्यांसाठी थांबत नाही. साडेसातला तुमच्या नावाचा पुकारा झाला. दुसऱ्यांदा झाला. काकूंच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. माणूस आलाच नाही तर खोलीतल्या तिजोरीतून त्याचा पासपोर्ट काढून बंदरावरच्या एजंटकडे देतात, अशी पद्धत आहे, आणि एक अधिकारी आदबीने काकूंना तिजोरीचा आकडा विचारायला आला होता. तो आकडा तुमच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हता, हे त्याला आणि काकूंना त्याच वेळी कळलं.

मग तुम्ही दिसलात. टॅक्सीतून उतरलात, एक पाय पांढुरका, एक काळा, कानटोपी हातात, आणि धक्क्यावरून धावत सुटलात. वरच्या डेकवर दोनशे माणसं टाळ्या वाजवत होती. तुम्ही हात उंचावून स्वीकारल्यात. काका, त्या टाळ्या तशा नव्हत्या हो. त्या टॅक्सीचं भाडं किती झालं हे तुम्ही जेवताना सांगितलं नाहीत, पण भाताला हात लावला नाहीत यावरून अंदाज आला.

चुकला असतात तर पुढचं बंदर स्कॅगवे. तिथे जायला जुनोहून रस्ता नाहीच, फेरीबोट रोज नाही, छोटं विमान आहे पण ढग खाली आले की तेही नाही. खिशात कार्ड आणि फोन, पासपोर्ट कुलूपबंद तिजोरीत, आणि हातात भाकरवडी.

तेव्हा काका, माझी तक्रार तुम्ही गाइड घेतला नाहीत याची नाही. गाइडचे पैसे वाचवलेत, चांगलं केलंत. पण गाइडचं काम कुणी केलं? वाट आज कुठे आहे हे विचारणं, वनखात्याच्या माणसाशी दोन मिनिटं बोलणं, पाण्याची पातळी बघणं, परत फिरायची वेळ ठरवणं आणि ती झाली की बर्फ समोर दिसत असतानाही मागे वळणं. हे सगळं गाइड करतो. तुम्ही त्याला घरी बसवलंत आणि त्याची खुर्ची रिकामीच ठेवलीत. बर्फावर पाय ठेवायचाच असेल, तर मात्र ती खुर्ची तुमच्याने भरणार नाही. तिथे पैसे मोजा. डॉलरचे रुपये करू नका.

उद्या स्कॅगवे. तिथल्या डोंगरातही हिमनद्या आहेत आणि तुम्ही मघाशी नकाशा मागताना मला दिसलात.

कळावे, लोभ असावा.

आपला,
सात वाजताच जहाजावर आलेला एक सहप्रवासी

ता. क. काकू आज नगेट फॉल्सला जाऊन, पाण्याचे तुषार अंगावर घेऊन, स्टीप क्रीकच्या लाकडी पुलावरून अस्वलाची आई आणि पिल्लू पाहून पाच वाजता परत आल्या. त्याही गाइडशिवायच गेल्या होत्या.