कळशास्त्री

प्रत्येक हाउसिंग सोसायटीत एक कळशास्त्री असतो. आमचे नाना वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवून निवृत्त झाले. त्यामुळे विद्यार्थी सुटले आणि आम्ही सापडलो. कुणाला लागलं, भाजलं, ठेचलं की नाना हजर. औषध घेऊन नव्हे, माहिती घेऊन.

जिन्यातल्या कुंडीवर देशपांडेकाकांचा अंगठा आपटला. ‘आई गं!’ करून काका खालीच बसले. नानांनी हात वर केला. “थांबा! ही पहिली कळ. दुसरी अजून वाटेत आहे.” पहिली आणतात ते ए-डेल्टा तंतू. अंगावर मायलिनचं वेष्टण, वेग सेकंदाला ५ ते ३० मीटर. मागून रखडत येतात ते सी तंतू. वेष्टण नाही, वेग जेमतेम १ मीटर. अंगठ्यापासून कण्यापर्यंतचं अंतरही साधारण तेवढंच. “म्हणजे आता... आली?” “आली हो!” काका कळवळले. वर्तवलेलं ग्रहण मिनिटाला धरून लागावं आणि पंचांगकर्त्यानं मिशीला हात लावावा, तसे नाना दिसत होते.

उमेदीच्या काळात नानांनी उंदरांच्या कण्यालगतच्या गाठींतल्या चेतापेशी रंगवून त्यांचे गट पाडले. कळ नेणाऱ्या बारीक पेशींत ठळक गट दोन. एक पेप्टाइडवाला, पोटात सबस्टन्स पी आणि सीजीआरपी बाळगणारा. दुसरा पेप्टाइडच्या फारसा नादी न लागणारा. आयबी४ नावाचं, एका आफ्रिकी वनस्पतीच्या बियांतलं लेक्टिन अंगाला चिकटतं, यावरून तो ओळखायचा. निवृत्तीनंतर उंदीर उरले नाहीत, म्हणून नानांनी हीच वर्गवारी सोसायटीच्या कमिटीला लावली. पेप्टाइडवाली पेशी डिवचली की नुसती वर तक्रार पाठवून थांबत नाही. आपल्या टोकाशीही रसायनं सोडते, रक्तवाहिन्या रुंदावतात, जागा लाल होते, सुजते. “आपले सेक्रेटरी पक्के पेप्टाइडवाले. पार्किंगची तक्रार वर गेली ती गेलीच, इकडे सगळी विंग लालबुंद! खजिनदार मात्र आयबी४. शांत. पण अंगाला काही ना काही चिकटलेलंच.”

गणपतीत मंडळाची मिसळ असते. तिखट ही चव आहे, हे नानांना मान्यच नाही. त्यांच्या मते ती भाजल्याची खोटी फिर्याद. डेव्हिड ज्यूलियस यांच्या प्रयोगशाळेनं १९९७ साली चेतापेशीवरचं जे दार शोधलं, ते साधारण ४३ अंशांच्या वर उष्णतेनं उघडतं आणि मिरचीतल्या कॅप्सायसिननंही. मेंदूला वाटतं, तोंडाला आग लागली. नाका-डोळ्यांतून पाणी वाहत असलेल्या माणसाला नाना पाणी घेऊ देत नाहीत, कारण कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही. दूध प्यावं, त्यातलं केसीन ते धुऊन नेतं. दूध आणायला मात्र ते उठत नाहीत, कारण २०२१चं नोबेल सांगायचं राहिलेलं असतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना अर्धशिशीचा त्रास. नाना समाचाराला गेले आणि सीजीआरपी काढून बसले. ३७ अमिनो आम्लांची साखळी, झटका आला की रक्तात वाढते. तिला रोखणारी इंजेक्शनं अमेरिकेत २०१८ साली मंजूर झाली. वहिनी उशीखालून म्हणाल्या, “नाना, दिवा तेवढा मालवा.” नाना म्हणाले, “बरोबर! प्रकाश सहन होत नाही, हे लक्षणच आहे.” दिवा चालूच.

सबस्टन्स पीचं नाव निघालं की मात्र नानांचा आवाज खाली येतो. १९३१ साली फॉन ऑयलर आणि गॅडम यांना हे द्रव्य घोड्याच्या आतड्यात आणि मेंदूत सापडलं. त्यातल्या ११ अमिनो आम्लांचा क्रम लागायला १९७१ उजाडलं. कळेचा निरोप्या हाती आला, आता त्याला दारात अडवलं की दुखणं संपलं, असं नानांच्या पिढीनं धरून चाललं. प्राण्यांत आशा दिसली. माणसांवरच्या चाचण्यांत त्याला अडवणाऱ्या औषधांनी दुखणं जागचं हललं नाही. त्याच जातीचं औषध पुढे केमोथेरपीतल्या उलट्यांवर गुणकारी ठरलं. “निरोप नेणारे पुष्कळ असतात हो,” नाना म्हणतात आणि क्षणभर गप्प बसतात. सोसायटीत या क्षणाची सगळे वाट बघतात.

सोसायटीतल्याच माईंना यातलं काही ठाऊक नाही. त्या येतात, खाली बसतात आणि ठेचलेला अंगठा चोळतात. “मेल्झॅक आणि वॉल, १९६५!” नाना वरून गर्जतात. चोळल्यानं स्पर्शाचे जाड तंतू जागे होतात आणि मेरुरज्जूतच कळेची वाट अडवतात. म्हणजे उपाय नानांना तोंडपाठ असतो, हात माईंचे लागतात.

तरीही नानांच्या बाजूनं एक गोष्ट सांगायलाच हवी. लक्ष दुसरीकडे गुंतलं की दुखणं कमी जाणवतं, हे शास्त्रालाही मान्य आहे. आणि नानांवर चिडण्याइतकं लक्ष गुंतवणारं काम दुसरं नाही. तेव्हा दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसाल, तर शेजारी एखादा कळशास्त्री जरूर बसवून घ्या. अंगठा ठेचला असेल, तर आधी माईंना हाक मारा.