वेदीपुढचा भोपळा



मावशी, कापणीच्या सणाला वेदीपुढे भोपळा कोणाचा ठेवायचा, यावरून महिला मंडळात दोन तट पडले आणि चारचौघांत मंडळीची शोभा झाली, असं तू कळवलंस. मला यात शोभा होण्यासारखं काही दिसत नाही. इथल्या इंग्रजांनी असल्याच भांडणांवर झकास विनोदी कादंबऱ्या रचल्या आहेत. ई. एफ. बेन्सनची १९३१ सालची ‘मॅप अँड लुसिया’ घे. एका बाईची लॉबस्टरची, म्हणजे कोळंबीच्या थोरल्या भावंडाची, पाककृती चोरायला दुसरी बाई नाताळच्या दुसऱ्या दिवशी तिच्या स्वयंपाकघरात शिरते, तेवढ्यात पूर येतो आणि दोघी उलट्या टेबलावर बसून समुद्रात वाहत जातात. गाव त्यांना मेलेल्या समजतं, त्यांचं स्मारकही उभं राहतं, आणि मग दोघी धडधाकट परततात. (त्या गावचा पाद्री बर्मिंगहॅमचा असून स्कॉच ढंगात बोलतो. आपलं मिशन मूळ स्कॉटलंडचं, तेव्हा ही गंमत जालन्यात लगेच कळेल.) इतकी हुशारी या बायका पाककृतीवर का खर्च करतात? कारण दुसरीकडे ती खर्च करायला वावच नव्हता. चर्च ऑफ इंग्लंडने स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा दिली ती थेट १९९४ साली. बेन्सनच्या काळी व्यासपीठ आणि हिशेब बहुतेक पुरुषांकडेच; बायकांच्या वाट्याला फुलं, चहा आणि भोपळा. मग राजकारण भोपळ्यातच शिरणार. ट्रोलपच्या ‘बार्चेस्टर टॉवर्स’मधली मिसेस प्राउडी नवऱ्याआडून अख्खा धर्मप्रांत हाकते, तेही याच कारणाने.

तू म्हणशील, पुरुष काय कमी भांडतात? मुळीच नाही, पण त्यांच्या भांडणाला ठराव, दुरुस्ती आणि इतिवृत्त मिळतं, म्हणून ते भारदस्त दिसतं. तुझी दुसरी शंका मात्र वजनदार आहे. इंग्लंडात चर्च बहुसंख्यांचं होतं. आपण मूठभर, आधीच बाहेरचे टपलेले, त्यात आपणच आपलं हसं का करून घ्यावं? बाहेरच्याने हसणं आणि घरच्याने हसणं यांत मला फरक दिसतो. बेन्सन कँटरबरीच्या आर्चबिशपचा मुलगा होता, त्याला वेदीमागचं सगळं ठाऊक. आणि आपल्याकडे लक्ष्मीबाई टिळकांनी १९३४ पासून भागाभागांनी आलेल्या ‘स्मृतिचित्रां’त स्वतःच्या सोवळ्याओवळ्यापासून पती रेव्हरंड टिळकांच्या लहरींपर्यंत कोणालाच सोडलं नाही. त्याने ख्रिस्ती समाजाची पत गेली नाही. उलट इतर मराठी घरांत तो या बाईमुळेच आपला वाटू लागला. आपल्या नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं, त्याचा इतिहास आदराने लिहिला जातो. पण नुसत्या आदराने लिहिलेल्या माणसांशी कोणाची ओळख होत नाही.

तेव्हा बाहेरच्या कोणी लिहिण्याआधी तूच लिहायला घे. नावं बदल, भोपळ्याचा दुधी कर, आणि छापून येईपर्यंत पाळकसाहेबांना वाचायला देऊ नकोस. मात्र दुसऱ्या तटाच्या बाईंना निम्मे चांगले संवाद दे. नाहीतर ती कादंबरी न होता तक्रारअर्ज होईल.

तुझी भाची