वाघ निवडू नये : साकोलीकर उमेदवारांसाठी मार्गदर्शन

सदर मार्गदर्शन साकोली शहर व तालुक्यातील त्या सर्व प्रौढांसाठी आहे, ज्यांच्याकडे दिवाळीला पुण्याहून भाचा येतो, पिशवीतून निन्टेन्डोचं यंत्र काढतो, टीव्हीला जोडतो आणि ‘मामा, एक डाव होऊन जाऊ द्या’ म्हणत कंट्रोलर पुढे करतो. नाही म्हणायची सोय नसते. एक तर आपल्याकडे भाच्याच्या पाया मामाच पडतो, त्यामुळे निम्मा डाव तो बसायच्या आधीच जिंकलेला असतो. दुसरं म्हणजे याच भाच्याला आपण मागच्या खेपेला नागझिऱ्यात नेऊन, गवा दिसला की गवा आणि सांबर दिसलं की सांबर असं तीन तास ज्ञान पाजलेलं असतं. आता पाळी त्याची.

पात्रतेसाठी वयाची, शिक्षणाची अट नाही. रहिवासी दाखला लागत नाही. डाव्या अंगठ्याने चालणं आणि उजव्याने मारणं एकाच वेळी जमलं पाहिजे, एवढंच. ज्यांनी रोवणीत चिखलातून उलट्या पावलांनी सरकत सरळ ओळ धरली आहे त्यांनी स्वतःला पात्र समजावं. ज्यांनी फक्त धुऱ्यावर उभं राहून बायांच्या रोवणीवर देखरेख केली आहे, त्यांनी आधी महिनाभर सराव करावा.

खेळाचं नाव ‘सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट’. बाजारात आला ७ डिसेंबर २०१८ रोजी. या मालिकेतला पहिला खेळ जानेवारी १९९९ मध्ये जपानात निघाला. मासाहिरो साकुराई यांनी तो आधी बिनओळखीच्या बाहुल्यांवर रचला होता. त्याचं प्रोग्रामिंग केलं सातोरू इवाता यांनी, जे पुढे निन्टेन्डो कंपनीचे अध्यक्षच झाले. नुसत्या बाहुल्यांची मारामारी कोण बघणार, म्हणून मग कंपनीच्या निरनिराळ्या खेळांतली माणसं, माकडं आणि एक पिवळा उंदीर त्यांच्या जागी आणून उभे केले. भाऊबीजेनंतरच्या मंडईत नाटकातला खलनायक, दंडारीतला सोंगाड्या आणि पाळणेवाला एकाच टपरीवर चहा पिताना दिसतात, तसला प्रकार. फरक इतकाच, की इथे चहा होत नाही, थेट हाणामारी होते.

सुरुवातीला बारा लढवय्ये होते, आता ऐंशीच्या वर आहेत. त्यांत दहा पोकेमॉन जातीची जनावरं. प्रस्तुत मार्गदर्शन या दहांपुरतं मर्यादित आहे. बाकीच्यांविषयी भाच्याला विचारू नये, तो सांगत बसेल.

आता नियम. इथे मार खाल्ला की जीव कमी होत नाही, टक्के वाढतात. पोराचे टक्के वाढले की पेढे वाटणाऱ्या महाराष्ट्रात ही गोष्ट पचायला वेळ लागतो. जितके टक्के जास्त, तितका पुढच्या फटक्याला माणूस लांब उडतो. वीस टक्क्यांवर तोच फटका हातभर सरकवतो, दीडशेवर मंचाबाहेर भिरकावतो. थोडक्यात, टक्के वाढले की माणूस देशोधडीला लागतो, असा सावकारी व्याजानंतरचा हा दुसराच प्रकार. मरण नुसत्या फटक्याने येत नाही. मंचाबाहेर फार लांब भिरकावलं गेलं किंवा परत कड धरता आली नाही, की येतं. म्हणून उमेदवाराने जनावर निवडताना ते मारतं कसं हे नंतर बघावं. परत येतं कसं, हे आधी बघावं.

इथेच साकोली चुकते.

साकोलीचा माणूस पात्रांच्या यादीवरून नजर फिरवतो आणि जिथे पट्टे दिसतात तिथे त्याचा अंगठा थांबतो. त्याला दोष देता येत नाही. नागझिऱ्याचं पिटेझरी फाटक इथून तासाभराच्या आत. नागझिरा १९७० पासून अभयारण्य आहे, डिसेंबर २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आहे. इथे टपरीवर बसलेल्या प्रत्येकाने वाघ पाहिलेला असतो, आणि ज्याने पाहिलेला नसतो त्याने वाघ पाहिलेला माणूस तरी पाहिलेला असतो. अशा गावात कोणी पिवळा उंदीर निवडेल काय?

पट्टेवाल्याचं नाव इन्सिनरोअर. लाल-काळा, दोन पायांवर उभा, कमरेला आगीचा पट्टा. हा वाघ जंगलातला नाही, आखाड्यातला आहे. पोकेमॉनच्या जगात २०१६ साली आला तोच पहिलवान म्हणून, आणि तोही लबाड पहिलवान. अंगात ताकद अफाट. प्रतिस्पर्ध्याला धरून दोरावर फेकतो, तो उसळून परत आला की नेमक्या क्षणी बटण दाबायचं, म्हणजे दंडाचा असा फटका बसतो की भाच्याच्या तोंडातला लाडू बाहेर यावा. क्षण चुकला तर फटका हलका पडतो. फारच चुकला तर दोरावरून आलेला गडीच आपल्याला लोळवतो. आणखी एक डाव ‘सूड’ नावाचा आहे. समोरच्याचा वार अंगावर घ्यायचा आणि त्याची भरपाई पुढच्या वारात व्याजासकट करायची. भावकीतल्या बांधीच्या वाटण्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हा डाव शिकवावा लागत नाही.

एवढं असून हा वाघ घेऊ नये. कारणं तीन.

पहिलं, याला पळता येत नाही. ऐंशीच्या वर लढवय्यांत धावायला सगळ्यांत मंद कोण, तर हा. ‘काहून रे, वाघ असून पळत नाही?’ हा प्रश्न मामा हमखास विचारतो. भाच्याकडे त्याचं उत्तर नसतं. उत्तर जपानात असेल.

दुसरं, जोराचा फटका लागू पडला की हा थांबून छाती काढतो, दंड दाखवतो, प्रेक्षकांकडे बघतो. मामाला ते आवडतं. मामा स्वतःही सोफ्यावर तसंच करतो. तेवढ्यात भाचा मागून येतो.

तिसरं कारण सगळ्यांत जड. मंचाबाहेर गेल्यावर परतायला याच्याकडे एक उडी आहे. वर झेपावतो आणि मग तिरपा खाली कोसळतो. अंदाज चुकला तर कड हातभर राहते आणि वाघ खाली निघून जातो. नागझिऱ्यातून निघालेला जय नावाचा वाघ २०१३ साली शेतं, नद्या, रस्ते ओलांडत उमरेड-करांडल्यापर्यंत गेला. त्याच्या रुबाबावर वर्तमानपत्रांची पानं भरली. एप्रिल २०१६ नंतर तो कोणाला दिसला नाही. हद्दीबाहेर गेलेल्या वाघाचं पुढे काय होतं, हे आपल्या भागाला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नाही.

मग घ्यावं कोणाला? जिगलीपफला.

हे वाक्य वाचून पुष्कळ उमेदवार मार्गदर्शन खाली ठेवतील, ते गृहीत आहे. जिगलीपफ म्हणजे गुलाबी रंगाचा, मोठ्या डोळ्यांचा गोळा. पहिल्या खेळापासून आहे, तेव्हा लपवून ठेवला होता. वजनाला इतका हलका, की फटका बसला की सरळ आभाळात. याच्याहून हलका फक्त पिचू. अंगावर ढाल धरली आणि ती फुटली, तर इतर लढवय्ये चक्कर येऊन उभे राहतात. हा मात्र स्वतःच वर उडून बहुधा मरतो. तेव्हा ढाल धरून बसू नये, ही पोटसूचना.

पण हवेत हा एकामागून एक पाच उड्या मारतो. मंचाबाहेर लांबवर जाऊन, तिथे तरंगत बसून, परत येऊ पाहणाऱ्याला अडवतो आणि स्वतः निवांत घरी येतो. वाघाची सगळी ताकद मंचाच्या मधोमध. याची सगळी ताकद, जिथे वाघाचे पाय लटपटतात तिथे.

आणि याचं ब्रह्मास्त्र झोप आहे. प्रतिस्पर्ध्याच्या अगदी अंगाला चिकटून, खालची दिशा दाबून हा झोपी जातो. झोप लागण्याच्या त्या एका क्षणात समोरचा असा उडतो, की कमी टक्क्यांवरही परत येत नाही. नेम चुकला तर हा तिथेच घोरत पडतो आणि पुढचे काही सेकंद जो तो येऊन याला बदडतो. मे महिन्यात दुपारी एक ते चार या वेळेत कडेकोट झोप घेणाऱ्या भंडारा जिल्ह्याला यापेक्षा जवळचं हत्यार कोणतं असू शकतं? तरी आपल्याकडचा एकही उमेदवार हे आपण होऊन निवडत नाही. शिकवण इतकीच, की झोपण्याआधी चिकटावं. लांब झोपलं तर ते नुसतं झोपणं.

याला गाणंही म्हणता येतं आणि ते ऐकून समोरच्याला झोप लागते, असं भाचा सांगेल. त्यावर फार विसंबू नये. गाणं संपेपर्यंत समोरचा बाजूला सरकून मागून मारतो. शिवाय झाडीपट्टीतली नाटकं पहाटेपर्यंत बसून पाहिलेल्या प्रेक्षकाला गाण्याने झोप येत नसते.

कोणाला हे सगळं पोरखेळ वाटत असेल, तर त्यांनी ध्यानात घ्यावं, की हुआन डेबिएड्मा नावाचा अमेरिकन खेळाडू हाच गुलाबी गोळा घेऊन २०१६ साली लास व्हेगासला इव्हो स्पर्धेत ‘मेली’ या जुन्या आवृत्तीचं अजिंक्यपद जिंकला. तो ‘हंग्रीबॉक्स’ या नावाने खेळतो. त्याची पद्धत दम काढणारी. समोरच्याने चूक करेपर्यंत तरंगत राहायचं. प्रेक्षकांना ती इतकी झोंबते, की २०१९ मध्ये अमेरिकेतल्याच एका स्पर्धेत तो जिंकल्यावर एकाने त्याच्या अंगावर खेकडा फेकला. साकोलीत ही भीती नाही. पावसाळ्यात बांधीतून धरलेला खेकडा रश्श्यासाठी असतो, तो कोणी जिंकणाऱ्यावर वाया घालवत नाही.

बाकीच्या आठांसाठी फार शाई खर्चायचं कारण नाही. पिकाचू, म्हणजे तो पिवळा उंदीर, वेगवान आहे, दोन दिशांना विजेसारखा सटकतो, कड चुकवत नाही, आभाळातून वीज पाडतो. सज्जन निवड. पिचू त्याचंच पिल्लू. याने वीज वापरली की समोरच्याबरोबर स्वतःचेही टक्के वाढतात. घरात आधीच एक असा माणूस असेल तर दुसरा नको. म्यूटू दिसायला सगळ्यांत भारदस्त, पण उंचीच्या मानाने वजन नाही आणि शेपटी इतकी लांब की अंग वाचलं तरी तिच्यावर मार बसतो. ग्रेनिन्जा हा बेडूक आपली जीभ गळ्याभोवती मफलरसारखी गुंडाळून फिरतो. भंडाऱ्याच्या थंडीत समजून घेता येईल, पण भाच्याच्या हातात तो इतका चपळ असतो की मामाने त्याला नुसतं बघावं.

लुकारियोचं प्रकरण वेगळं. हा जितका मार खातो, तितके याचे वार मोठे होतात. शून्य टक्क्यांवर याच्या हातातला निळा गोळा लिंबाएवढा, दीडशेवर भोपळ्याएवढा. जो उमेदवार दर डावाला आधी सडकून मार खातोच, त्याने हा घ्यावा. निदान त्या मार खाण्याला काही अर्थ मिळेल. फक्त शंभरच्या पुढे जगायचं कसं, हे त्याचं त्याने बघावं.

उरला प्रशिक्षक. याच्याकडे तीन जनावरं : कासव स्क्वर्टल, पाठीवर झाड वाढवणारा आयव्हिसॉर आणि पंखवाला चारिझार्ड. एक मैदानात, दोन थांबलेली. बटण दाबलं की पाळी बदलते. प्रशिक्षक स्वतः मागे सुरक्षित उभा राहून हातवारे करतो, राबतं ते जनावर. शंकरपटाला गेलेल्या माणसाला ही व्यवस्था नवी नाही. इथे भाचा एक गुगली टाकेल : पाणी आगीला भारी, म्हणून इन्सिनरोअरसमोर कासव काढा. ऐकू नये. कार्टूनमधला तो हिशेब या खेळात चालत नाही. इथे पाण्याने आग विझत नाही आणि आगीने झाड जळत नाही. फक्त टक्के वाढतात.

डावात मधेच पडणाऱ्या वस्तू, म्हणजे ‘आयटम’, चालू ठेवल्या तर आकाशातून लाल-पांढरा पोके बॉल पडतो. तो उचलून फेकला, की आतून कोणीतरी निघून मदतीला येतं. कधी स्नॉरलॅक्स निघतो, उंच उडून समोरच्यांच्या अंगावर कोसळतो, आणि डाव तिथेच निकालात निघतो. कधी गोल्डीन निघते. गोल्डीन हा मासा आहे. ती जमिनीवर तडफडते आणि निघून जाते, याखेरीज काहीही करत नाही. मालिकेच्या पहिल्या खेळापासून ती हेच करत आली आहे. मालगुजारी तलावांच्या जिल्ह्यात असला मासा बघून कोणाला धाक बसणार? पलीकडून स्वयंपाकघरातली ताई विचारते, ‘कोणता मासा हाय रे, रोहू का?’ तिकडे मान वळवू नये. त्या दोन सेकंदांत भाचा दोन फटके लगावतो.

सरतेशेवटी हरण्याविषयी, कारण उमेदवार हरणारच आहे. मान्य कारणं पुढीलप्रमाणे : वीज गेली होती, चष्मा दुसऱ्या खोलीत होता, कंट्रोलरला चिवड्याचं तेल लागलं होतं. ‘वाघ होता म्हणून हरलो’ हे कारण या मार्गदर्शनानंतर ग्राह्य धरलं जाणार नाही. ‘लहान आहे म्हणून मुद्दाम हरलो’ हे कारण फक्त ताईला ऐकू जाईल इतक्याच आवाजात द्यावं. भाच्याने ऐकलं, तर तो लगेच पुढचा डाव लावतो, आणि या खेपेला स्वतः जिगलीपफ घेतो.