‘ताई’ या पदाविषयी

महाराष्ट्राच्या नागरी कायद्यांत महापौर, सभापती, सदस्य, आयुक्त अशी अनेक पदे आढळतात. ‘ताई’ हे पद मात्र त्यांत कोठेही नमूद नाही, आणि तरीही कोणत्याही प्रभागात, म्हणजे निवडणुकीसाठी पाडलेल्या शहराच्या कोणत्याही तुकड्यात, पहाटे नळाला पाणी आले नाही की नागरिक ज्या अधिकारपदाकडे धाव घेतात, ते हेच पद होय. त्याला शपथविधी नाही, मानधन नाही आणि मुदतही नाही. नगरसेविका ही निवडणुकीने होते व निवडणुकीनेच संपते. ताई मात्र पडल्यावरही ताईच राहते, इतकेच की पराभवानंतरचे काही दिवस लोक तिला हाक मारताना आवाज थोडा खाली आणतात.

नात्याचे संबोधन हे या क्षेत्रातील पदवीदान आहे. वॉर्ड महिलांसाठी राखीव झाल्यामुळे ज्यांच्या पतीची जागा गेली आणि त्या जागी ज्यांना उभे राहावे लागले, त्या ‘वहिनी’. कारण मतदारांनी पतीला आधीच ‘दादा’ किंवा ‘भाऊ’ म्हणून स्वीकारलेले असते आणि वहिनींचे नाते त्यातून आपोआप निघते. बचत गटातून, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम साठवून आपापसांत कर्ज देणाऱ्या बायकांच्या गटातून, किंवा एखाद्या हंडा मोर्चातून जी स्वतःच्या पायांनी वर येते, ती ‘ताई’. तीन निवडणुका जिंकून जी अधिकाऱ्यांच्या बदल्या आणि निवृत्त्या पाहत बसली आहे, ती ‘आक्का’ अथवा ‘माई’. यांपैकी वहिनीची ताई होणे ही खरी बढती असून तिला साधारणपणे एक मुदत पुरी लागते. दारावर आलेला माणूस ‘साहेब आहेत का?’ असे न विचारता ‘ताई आहेत का?’ असे विचारू लागतो आणि साहेब स्वतः ‘अगं, कोण आलंय बघ’ म्हणत आत जातात, तेव्हा ही बढती झाली असे समजावे. ‘मॅडम’ हे संबोधन केवळ अधिकारीवर्गात प्रचलित आहे. ‘बघतो मॅडम’ या शब्दांचा अर्थ काम होणार नाही असा असतो, हे ताईला पहिल्या सहा महिन्यांत कळते.

या पदाची पूर्वपरंपरा आरक्षणाहून जुनी आहे. सुलोचना मोदी १९५६ मध्ये मुंबईच्या पहिल्या महिला महापौर झाल्या. गोरेगावच्या मृणाल गोरे १९६१ मध्ये मुंबई महापालिकेवर निवडून गेल्या आणि वस्त्यांच्या पाण्यासाठी त्यांनी प्रशासनाला असे काही भंडावून सोडले की ‘पाणीवाली बाई’ ही त्यांची ओळख पुढे विधानसभेत आणि १९७७ मध्ये लोकसभेतही त्यांच्याबरोबर गेली. अहिल्याताई रांगणेकर आणि मृणाल गोरे यांच्या पुढाकाराने महागाईविरुद्ध निघालेल्या मोर्च्यांत बायकांच्या हाती लाटणी होती, आणि स्वयंपाकघरातले साधन राजकारणात आणण्याची जी रीत तेव्हा पडली ती आजतागायत टिकली आहे. फक्त लाटण्याची जागा बहुतांशी रिकाम्या हंड्याने घेतली, कारण हंडा वाजतो. या काळात स्त्रिया थोड्या होत्या व त्यांना सभागृहात ओळखण्यासाठी नाव पुरे. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने १९९३ पासून शहरी स्थानिक संस्थांत एकतृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखून ठेवल्या, २०११ मध्ये महाराष्ट्राने हे प्रमाण निम्म्यावर नेले, आणि मग पालिकेच्या इमारतीत स्त्रियांचे प्रसाधनगृह कोठे आहे हा प्रश्न प्रथमच गांभीर्याने विचारला गेला. भाषेचीही थोडी पंचाईत झाली. ‘नगरपिता’ हा जुना शब्द मुकाट्याने मागे पडला, पण ‘सभापती’ राहिला. परिणामी समितीच्या अध्यक्षस्थानी स्त्री असेल तर ती सभापती, आणि तिचा नवरा, शुद्ध व्याकरणाने, सभापतिपती.

ताईच्या राजकीय आयुष्याचा आरंभ चिठ्ठीने होतो. कोणता प्रभाग कोणत्या प्रवर्गाला जाणार हे सोडतीने ठरते, म्हणजे पारदर्शक भांड्यातील चिठ्ठ्या शाळकरी मुलांच्या हातून जाहीरपणे काढल्या जातात. ‘वॉर्ड लेडीज पडला’ ही बातमी सभागृहाबाहेर पोहोचते तेव्हा काही इच्छुक जागच्या जागी खाली बसतात आणि उरलेले घरी फोन लावतात. पुढच्या सोडतीत तोच वॉर्ड खुला झाला तर ताईने उभे राहू नये असा कायदा नाही, कारण खुली जागा स्त्रियांनाही खुलीच असते. परंतु ही तरतूद पक्षाच्या बैठकीत कोणाच्याही लक्षात नसते आणि ताईने ती लक्षात आणून दिली की तिला अनुभवी म्हणण्याऐवजी महत्त्वाकांक्षी म्हटले जाऊ लागते.

तिचे कार्यालय म्हणजे घराच्या पुढची खोली किंवा इमारतीच्या पार्किंगमधील एक कोपरा. तेथे मांडववाल्याच्या, पाठीवर त्याचेच नाव रंगवलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पतसंस्थेचे कॅलेंडर आणि भिंतीवर पक्षाच्या नेत्यांची छायाचित्रे असतात; ती खिळ्याला अडकवलेली असून पक्की चिकटवलेली नसतात, ही दूरदृष्टी होय. खरे कार्यालय मात्र तिची पर्स आहे. तीत नावाचे लेटरहेड, रहिवासी दाखल्यावर उमटवायचा शिक्का, शाई सांडू नये म्हणून स्टीलच्या डबीत ठेवलेले स्टॅम्पपॅड, तशाच दुसऱ्या डबीत हळदकुंकू आणि दोन मोबाईल असा सरंजाम असतो. घाईत एकदा तरी दाखल्यावर कुंकवाचे बोट उमटते व अर्जदार तो शुभशकुन मानून घेऊन जातो. मोबाईलमध्ये आमदाराचा क्रमांक एकच असतो, वॉलमनचे मात्र तीन असतात. वॉलमन म्हणजे रस्त्याखालच्या व्हॉल्व्हला लांब दांड्याची चावी लावून एकेका भागाचे पाणी सोडणारा व बंद करणारा कर्मचारी. ‘वॉलमन जुना’, ‘वॉलमन नवा’ आणि ‘वॉलमन नवा बायको’ अशा त्या तीन नोंदी असून तिसरा क्रमांक नेहमी लागतो.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत चालणाऱ्या हळदीकुंकवाची सुशिक्षित पुरुषांनी पुष्कळ टिंगल केली आहे, परंतु त्या टिंगलीमागे अज्ञान आहे. सवाष्णींना कुंकू लावून ‘वाण’, म्हणजे एखादी उपयोगी वस्तू, देण्याचा हा घरगुती विधी ताईच्या हाती पडला की त्याचे रूपांतर जनगणनेत होते. अलीकडे तिने विधवांनाही बोलावण्यास सुरुवात केली आहे. यात सुधारणावाद किती आणि मतदारयादी किती, हे वेगळे काढता येणार नाही आणि काढू पाहणारा मनुष्य विधवांपैकी नसतो. रांगेतली प्रत्येक बाई कपाळ पुढे करण्याच्या क्षणात एक वाक्य बोलते: तिसऱ्या मजल्यावर प्रेशर नाही, मागच्या बोळातला दिवा गेला, चेंबर पुन्हा तुंबला, सासूचे पेन्शन अडकले. साडेतीन तासांत आठशे कपाळे होतात, आणि प्रशासन सल्लागार नेमून अनेक महिन्यांनी जो अहवाल मिळवते त्याहून अचूक अहवाल ताईला तिळगुळाच्या पिशवीच्या भावात मिळतो. शिवाय कोण आले नाही हे तिला कळते, जे कोणत्याही अहवालात नसते. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे, म्हणजे पात्र स्त्रियांना दरमहा दीड हजार रुपये देणाऱ्या योजनेचे, अर्ज भरण्याची वेळ आली तेव्हा याच रांगेला ताईच्या ओट्यावर फक्त आधारकार्डे घेऊन पुन्हा उभे राहायचे होते.

विकासकामे हे ताईचे दुसरे अंग. अंदाजपत्रकात नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांसाठी काही रक्कम असते, पुण्यात तिला ‘स’ यादी म्हणतात, आणि या रकमेतून शहरभर पेव्हर ब्लॉक, कापडी पिशव्या व बाकडी उगवतात. बाकड्याच्या पाठीवर ‘संकल्पना’ या शब्दापुढे ताईचे नाव असते. बसण्यासाठी चार पायांवर फळी ठेवावी ही कल्पना मानवजातीला पूर्वीच सुचली होती, असा आक्षेप कोणी घेत नाही, कारण आक्षेप घेणारे ज्येष्ठ नागरिक त्या वेळी त्याच बाकड्यावर बसलेले असतात.

मुख्य सभेत, म्हणजे सर्व सदस्यांच्या मासिक बैठकीत, ताई पहिली दोन वर्षे फारशी बोलत नाही व वार्ताहर तिला मौनी सदस्यांच्या यादीत टाकतात. मग एके दिवशी ती पर्समधून सरबताची जुनी बाटली काढते, तीत चहाच्या रंगाचे पाणी असते, आणि पेला भरून ती अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवते. या कृतीला सभाशास्त्राच्या कोणत्याही नियमात नाव नाही. हरकतीचा मुद्दा फेटाळता येतो, प्रश्न पुढील सभेवर ढकलता येतो, पेल्याचे मात्र काय करायचे हे कोणालाही ठाऊक नसते, शिपाई तो उचलायला येतो तेव्हा ताई म्हणते, “राहू दे रे, साहेबांना तहान लागेल.”

२०२२ मध्ये मुंबई, पुणे, नाशिक यांसारख्या अनेक महापालिकांची मुदत संपली, निवडणुका लांबत गेल्या आणि कारभार प्रशासकाच्या, म्हणजे सर्व सभांचे अधिकार एकट्याने वापरणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या, हाती राहिला. नगरसेविका त्या दिवसापासून माजी झाल्या, फलकांवर ‘मा.’ हे अक्षर आधीपासूनच होते, ते पूर्वी ‘माननीय’ म्हणून वाचले जाई, आता वाचणाऱ्याने हवे ते वाचावे अशी सोय झाली. फोन मात्र थांबले नाहीत, कारण पहाटे साडेपाचला प्रशासकाचा क्रमांक कोणाकडेच नसे.

त्या फोनांत एक नवा आवाजही मिसळला. नव्याने बदलून आलेला कनिष्ठ अभियंता, हातात नकाशा आणि समोर चिडलेली गल्ली अशा अवस्थेत, व्हॉल्व्ह नेमका कोठे आहे हे विचारतो; जुना वॉलमन निवृत्त झालेला, नवा रजेवर आणि नकाशा व्हॉल्व्ह बसवण्याच्या आधीचा असतो. ताई गाऊनवर ओढणी टाकून खाली येते, कोपऱ्यावरच्या कट्ट्यापाशी थांबते, पेव्हर ब्लॉकवर चपलेने तीन वेळा ठोकते आणि म्हणते, “इथंच आहे. पण आधी ते बाकडं उचलावं लागेल.” अभियंता बाकड्याच्या पाठीवरचे नाव वाचतो, मग ताईकडे पाहतो, ताई त्या वेळी दुसऱ्या फोनवर वॉलमनच्या बायकोला चावी घेऊन यायला सांगत असते.