आधी दार, मग दणका

गाडीतलं गाणं चांगलं वाजावं म्हणून लोक सगळ्यात आधी पैसे घालतात ते वॅटवर. मोठा अँप्लिफायर येतो, डिकीत बारा इंची सबवूफर येतो, आणि प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मंद व्हायला लागले की दुकानदार कॅपॅसिटर पुढे करतो. चकचकीत नळकांडं, वर निळ्या आकड्यांत व्होल्टेज. एवढ्या खर्चात दाराच्या पत्र्याकडे कोणी बघत नाही, आणि आवाज मार खातो तो तिथेच.

आपल्या बहुतेक गाड्यांत पुढचे मुख्य स्पीकर दारात असतात. स्पीकरचा पडदा जेवढी हवा पुढे ढकलतो, तेवढीच मागेही हलवतो. काच वर-खाली करणाऱ्या यंत्रणेपर्यंत हात जावा म्हणून दाराच्या आतल्या पत्र्याला मोठाली भोकं ठेवलेली असतात आणि त्यांवर नुसता प्लॅस्टिकचा पातळ कागद असतो. स्पीकरच्या मागची लाट या भोकांतून गाडीत शिरते. पुढच्या लाटेच्या ती बरोबर उलटी असते, त्यामुळे खालच्या सुरांत दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. डग्ग्याचा घुमारा आणि तानपुऱ्याचा खर्ज असे जातात. वर दाराचा पातळ पत्रा स्वतःच्या सुरात थरथरत राहतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं स्पीकरच फाटला.

यावरचा उपाय म्हणजे डॅम्पिंग शीट: साधारण २ मिलिमीटर जाडीचा ब्युटाइलचा चिकट थर आणि त्यावर अॅल्युमिनियमची फॉइल. पत्रा थरथरला की मधलं ब्युटाइल ताणलं जातं आणि ती थरथर उष्णता होऊन जिरते. वाजत्या झांजेला बोट लावलं की नाद जसा बसतो, तसा पत्रा गप्प होतो. बाहेरच्या पत्र्याचा सुमारे पाव भाग झाकला तरी बरंचसं काम होतं. त्यावर थरांमागून थर चढवणं म्हणजे गाडीचं आणि बिलाचं वजन वाढवणं. आतल्या पत्र्याची भोकं मात्र पूर्ण बंद करायची. पत्रा आधी स्पिरिटने पुसून घ्यायचा आणि शीट रोलरने दाबून बसवायचं. स्वस्तातलं डांबरी शीट घेऊ नका, उन्हात ते मऊ पडतं आणि वास मारतं. दाराच्या तळाशी पाणी निघायची बारीक भोकं असतात, ती मोकळी राहिलीच पाहिजेत. काचेच्या फटीतून पावसाचं पाणी दारात उतरतच असतं. कोकणातल्या पावसात ती भोकं बुजलेली असली, तर दार आतून सडलंच म्हणून समजा.

आता रस्त्याचा आवाज. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाच्या काँक्रीटवर टायरचा घोंघाट चढतो आणि गाण्यातल्या हलक्या जागा त्यात बुडतात. दाराला लावलेलं शीट याला पुरत नाही. त्यासाठी तळाला आणि चाकांच्या कमानींवर फोम आणि त्यावर जड विनाइलचा थर लागतो. हे खर्चाचं आणि कष्टाचं काम आहे, पण हिशेब बघा. अँप्लिफायरचे वॅट दुप्पट केले तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. गाडीतला घोंघाट ३ डेसिबलने उतरवला तर गाणं तेवढंच वर येतं, तेही बॅटरीवर भार न टाकता आणि कानाला इजा न करता.

कॅपॅसिटरचाही हिशेब करू. १ फॅरडच्या कॅपॅसिटरमध्ये १४.४ व्होल्टला सुमारे १०४ ज्यूल ऊर्जा साठते. व्होल्टेज १२ वर येईपर्यंत त्यातले जेमतेम ३२ ज्यूल हाती लागतात. १००० वॅट ओढणारा अँप्लिफायर ते ०.०३ सेकंदात संपवतो. ठोक्याची सुरुवात तेवढी सावरते. नंतरचा सगळा भार बॅटरी आणि अल्टरनेटरवरच, आणि रिकामा झालेला कॅपॅसिटर पुन्हा भरायचा तोही त्यांनीच. दिवे मंद होत असतील तर आधी बॅटरीची टर्मिनल, अर्थिंग आणि वायरची जाडी तपासून घ्या. वायर अस्सल तांब्याची आहे की तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमची, हेही पाहा. अॅल्युमिनियम तांब्याच्या ६१ टक्केच वीज वाहून नेतं. बॅटरीपासून निघणाऱ्या त्या वायरवर दीड फुटाच्या आत फ्यूज हवाच, नाहीतर वायर घासून बॉडीला टेकली की आग लागते.

आवाजासाठी खरं राबणारा कॅपॅसिटर वेगळाच आहे, बोटाच्या पेराएवढा आणि किरकोळ किमतीचा. ४ ओहमच्या ट्वीटरच्या वाटेत १० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर जोडला की सुमारे ४००० हर्ट्झच्या खालचे सूर ट्वीटरपाशी पोचता पोचता उतरत जातात. तो नसेल तर न पेलणारे सूर वाजवताना ट्वीटर कर्कश होतो आणि शेवटी जळतो. त्याच्याबद्दल दुकानात कोणी अवाक्षर काढत नाही, कारण त्यात विकण्यासारखं काही नाही.

म्हणून दुकानात जायच्या आधी गाडीच्या दारावर बोटाच्या पेराने ठोकून बघा. टण्ण वाजलं तर पहिला खर्च दारावर करा. ठप्प वाजलं, तरच अँप्लिफायरची किंमत विचारा.