आरक्तमुख-माहात्म्य

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत कोणत्याही औषधांच्या दुकानात शिरून, वैद्याची चिठ्ठी न दाखविता, नायसिनच्या 500 मिलिग्रॅमच्या गोळ्यांची बाटली विकत घेण्याचा हक्क तेथील प्रजाजनांना आहे. आणि प्रौढ पुरुषाच्या देहाला या ब-3 जीवनसत्त्वाची गरज दिवसाकाठी 16 व स्त्रीच्या देहाला 14 मिलिग्रॅम एवढीच असल्यामुळे, एका गोळीसरशी महिनाभराचा शिधा घशाखाली उतरविण्याची सोय त्या हक्काने आपोआप झालेली आहे. गोळ्यांतून घ्यावयाच्या नायसिनची कमाल मर्यादा तेथील तज्ज्ञांनी 1998 साली 35 मिलिग्रॅम ठरविली, ही गोष्ट खरी. परंतु असल्या पूरक पदार्थांना विक्रीपूर्वी निर्धोकपणाचा दाखला सरकारदरबारी रुजू करण्याच्या जाचातून 1994 च्या कायद्याने मोकळे केले असल्याने, मर्यादा पुस्तकात राहिली आणि बाटली फळीवर.

याच देशाच्या दक्षिण भागात मका, काकवी आणि खारवलेली चरबी यांवर गुजराण करणारी गोरगरीब माणसे या द्रव्याच्या काही मिलिग्रॅमांवाचून पेलाग्रा ऊर्फ वल्कचर्माने कातडी सोलून, जुलाब होऊन, अखेर बुद्धिभ्रंशाने मरत असत. हा रोग संसर्गाने नव्हे, निकृष्ट अन्नाने होतो, हे पटवून देण्यासाठी 1916 साली डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी रोग्यांच्या मलमूत्राच्या आणि खपल्यांच्या गोळ्या करून स्वतः गिळल्या, आणि कोणालाही पेलाग्रा झाला नाही. 1937 साली एल्व्हेजेम यांनी यकृतातून हे द्रव्य वेगळे काढले. आपल्या दख्खनेतही निव्वळ ज्वारीवर जगणाऱ्या मजुरांत हा रोग आढळे, हे हैदराबादच्या गोपालन आणि श्रीकांतिया यांनी 1960 साली दाखविले; भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी भरपूर वाढणाऱ्या गृहिणीने मात्र, काहीही प्रसिद्ध न करता, त्यावरचा बंदोबस्त केव्हाच करून ठेवला होता.

पुढे 1955 साली कॅनडातील सस्कॅचवान प्रांतात आल्टशुल, हॉफर आणि स्टीफन या त्रयीने हेच द्रव्य ग्रॅमच्या मापाने दिले असता रक्तातील कोलेस्टेरॉल उतरते असे दाखवून दिले. 1987 साली रॉबर्ट कोवाल्स्की यांनी आठ आठवड्यांत कोलेस्टेरॉल आटोक्यात आणण्याचे अभिवचन देणारे पुस्तक लिहून ओटचा कोंडा व नायसिन घरोघर पोचविले, आणि पुष्कळ वाचकांनी मधली वैद्याची पायरी गाळून टाकली.

या गोळीचे वैशिष्ट्य असे की आपण पोटात गेल्याची वर्दी ती स्वतःच देते. न्याहारीला फाटा देऊन, गोळीवर कढत कॉफी पिऊन कचेरीत येऊन बसलेल्या गृहस्थाच्या प्रथम कानाच्या पाळ्या तापतात, मग गाल, मान, छाती असा तांबडेपणा खाली उतरत जातो, सदऱ्याची कॉलर चावू लागते, कातडीखाली मुंग्यांचा बाजार भरतो, आणि शेजारच्या मेजावरचा सहकारी ‘काही ॲलर्जी झाली की काय?’ असे काळजीने विचारतो. तेव्हा खाजविण्यासाठी शिवशिवणारा हात मांडीखाली दडपून ‘छे, छे, औषध लागू पडते आहे’ असे उत्तर देताना त्या आरक्त मुखावर तपस्व्याचे समाधान विलसत असते. वस्तुतः कातडीतील पेशींनी प्रोस्टाग्लँडिन डी-2 नावाचे द्रव्य सोडल्याने रक्तवाहिन्या सैल पडतात, आणि त्याला 30 ते 50 मिलिग्रॅमही पुरतात. त्यावरून कोलेस्टेरॉलविषयी कोणतेही अनुमान निघत नाही. पण फुकट मिळणारा अनुभव अनुमानापेक्षा नेहमीच वजनदार ठरतो. ज्यांना दाह सोसवत नाही ते अर्धा तास आधी ॲस्पिरिन घेतात. म्हणजे नको असलेल्या गोळीसाठी आणखी एक गोळी.

या लालीला खरा भाष्यकार भेटला तो सायंटॉलॉजी पंथाचा संस्थापक एल. रॉन हबर्ड याच्या रूपाने. देहात साठलेला किरणोत्सर्ग आणि जुन्यापुराण्या उन्हाच्या भाजण्या या लालीवाटे बाहेर पडतात, असा त्याचा सिद्धांत होता. नायसिनयुक्त ‘डायनाझीन’च्या 21,000 गोळ्या अमेरिकन सरकारने 1958 साली जप्त केल्या, पण सिद्धांत काही जप्त होत नसतो, आणि पंथाच्या पुढील काळातील शुद्धिक्रियेत सॉना-स्नानाच्या जोडीने नायसिनची मात्रा 5000 मिलिग्रॅमपर्यंत चढत गेली. रोज घेत राहिल्यास शरीर सरावते आणि लाली ओसरते, हे वैद्यकाला ठाऊक आहे. भाविकाच्या हिशेबी मात्र लाली आली तर विष निघते आहे आणि न आली तर ते निघून गेले, अशी दोन्हीकडून पावती पक्की.

सभ्य चेहऱ्याच्या गिऱ्हाइकांसाठी कारखानदारांनी मग सावकाश विरघळणारी गोळी काढली. ती चारचौघांत बभ्रा करीत नाही. आपले काम थेट यकृताकडे वर्ग करते. यकृताचा कारभार जुन्या मामलेदार कचेरीसारखा आहे: टपाल एकदम येऊन थांबले तर ते कसेबसे निकालात निघते, पण रात्रंदिवस आवक चालूच राहिली तर कारकून मंडळी हूं की चूं न करता दप्तराखाली गाडली जातात, आणि धन्याला खबर लागते ती डोळे पिवळे झाल्यावर. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत, मात्रा 3 ग्रॅमपर्यंत वाढवीत नेली असता, सावकाश गोळीच्या 23 जणांपैकी 12 जणांच्या यकृताला इजा झाली. साध्या, लाजिरवाण्या गोळीच्या मंडळींत एकाच्याही नाही. रक्तातील साखर चढणे, युरिक आम्ल वाढून पायाचा अंगठा ठणकणे, क्वचित डोळ्याच्या पडद्याला सूज येऊन अक्षरे पुसट होणे, ही किरकोळ वसुली वेगळीच. तिसऱ्या, ‘लाली न आणणाऱ्या’ म्हणून मिरविणाऱ्या गोळीचे नाव इनॉसिटॉल हेक्सानिकोटिनेट. तिच्याने लाली येत नाही हे शब्दशः खरे आहे, कारण तिच्यातून मोकळे निकोटिनिक आम्ल, म्हणजेच नायसिन, रक्तात जवळजवळ उतरतच नाही. अर्थात कोलेस्टेरॉलही जागच्या जागी राहते. तिन्हींत आम्ही हिचीच शिफारस करू.

दरम्यान, स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरविणारे औषध घेणाऱ्या 25,673 रुग्णांपैकी निम्म्यांना नायसिन आणि त्याच्या लालीला लगाम घालणारे दुसरे औषध देऊन केलेल्या चाचणीचा अहवाल 2014 साली बाहेर आला. कोलेस्टेरॉलचे आकडे कागदावर सुधारले. हृदयविकाराचे झटके होते तितकेच राहिले. मधुमेह, रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग यांत मात्र भर पडली. वैद्यांनी बहुतांशी हात आखडता घेतला. फळीवरची बाटली मात्र वैद्यकीय नियतकालिके वाचीत नाही.

आणि जीवनसत्त्व पाण्यात विरघळणारे असल्याने जास्त झालेले लघवीवाटे निमूट निघून जाते, या लोकप्रिय वचनाचा परमावधी अजून सांगावयाचा आहे. जे स्वतः निघून जाते ते वाटेत गांजाचा अंशही धुऊन नेत असले पाहिजे, अशा तर्काने अमली पदार्थांच्या मूत्रपरीक्षेला बसणारे काही उमेदवार नायसिन मुठीने गिळू लागले. त्यांपैकी चौघांची हकीकत फिलाडेल्फियाच्या वैद्यांनी 2007 साली नोंदविली. दोन प्रौढांचे कातडीवर निभावले. दोन किशोरांच्या मात्र ओकाऱ्या, उतरलेली रक्तशर्करा व दुखावलेले यकृत यांनी जिवावर बेतले. नायसिनने त्या परीक्षेचा निकाल फिरतो याला शास्त्राचा काडीचाही आधार नाही. आणि तातडीच्या विभागातील खाटेवर आडवे होताच परिचारिका जी रिकामी बाटली पुढे करते, ती मूत्राच्या नमुन्यासाठीच असते.