मुरल्यावर रंग खुलेल

नैसर्गिक रंगांचा साबण घरी तयार करणारा मराठी गृहस्थ पुण्यात आणि ठाण्यात विपुल आढळत असला, तरी या जातीचा सर्वांत पक्व नमुना बंगळूरच्या दक्षिण टोकाला, होसूर रस्त्यावरील बोम्मसंद्रा औद्योगिक वसाहतीच्या आसपासच्या गृहसंकुलांत पाहावयास मिळतो. तो मूळचा सांगली-मिरजेकडचा, एखाद्या रंगकारखान्याच्या गुणवत्ता नियंत्रण विभागातून निवृत्त झालेला आणि मुलाच्या नोकरीपायी इकडे येऊन स्थिरावलेला असतो. त्याने दिलेली वडी वाचकाच्याही कपड्यांच्या कपाटात कोठेतरी पडलेली असणार, म्हणून त्याची ओळख करून देण्याचे कारण नाही. वडीची मात्र करून द्यावी लागते, कारण ती जास्वंदीची, बिटाची की पालकाची, हे नुसते पाहून कोणालाही सांगता येत नाही. तिन्ही तपकिरीच असतात.

तेल आणि अल्कली यांच्या रासायनिक संयोगातून साबण व ग्लिसरीन तयार होण्याच्या क्रियेस साबणीकरण म्हणतात. १०० ग्रॅम खोबरेलाला साधारण १८ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, आणि अंगाला थोडी स्निग्धता राहावी म्हणून जाणकार त्यातून पाच टक्के सोडा कमी करतात. हा गृहस्थ तो दशांशाच्या काट्यावर, हातमोजे व चष्मा चढवून, श्वास रोखून मोजतो आणि त्याच दमात आपला साबण 'केमिकल-फ्री' असल्याचे सांगतो. सुनेचे ॲल्युमिनियमचे पातेले या द्रावणात फसफसू लागले (कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमला खातो आणि त्यातून हायड्रोजन वायू निघतो), तेव्हाही त्याने ते धातूच्या दर्जावर ढकलले. बाहेरून उष्णता न देता केलेल्या, म्हणजे थंड पद्धतीच्या, साबणाच्या वड्या चार ते सहा आठवडे मोकळ्या हवेत ठेवाव्या लागतात. त्या अवधीत पाणी उडून वडी टणक व सौम्य होते. गृहस्थ याला मुरणे म्हणतो, आणि त्याच्या समग्र तत्त्वज्ञानाचा पाया हाच शब्द आहे.

वनस्पतिज रंगांपैकी बहुतेकांना अल्कली मानवत नाही. जास्वंदीचा लाल रंग तिच्यात पडताच हिरवट होतो आणि मग करडा. बिटाचा गुलाबी रंग घाटतानाच विटतो. पालकाचा हिरवा उजेडात फिका पडत जातो. वडी साच्यातून निघाली की सून विचारते, "बाबा, ही गुलाबी होणार होती ना?" त्यावर उत्तर ठरलेले असते: "मुरू दे. मुरल्यावर रंग खुलेल." सहा आठवड्यांनी वडी अधिकच तपकिरी झालेली असते, आणि तेव्हा कळते की हे मुरणे अपुरे आहे. दिवाळीसाठी केलेली वडी संक्रांतीपर्यंत मुरत असते, संक्रांतीची गुढीपाडव्यापर्यंत, आणि न्हाणीघरात झिजून नाहीशी झालेली वडीही त्याच्या मते अकालीच गेलेली असते. गेरू, कोळशाची पूड आणि नीळ हे रंग अल्कलीतही टिकतात, हे त्याला उत्तम ठाऊक आहे. पण जो रंग मुळात टिकतोच, त्यात करणाऱ्याचे कर्तृत्व काय, असा त्याचा प्रश्न असतो.

याच बंगळुरात म्हैसूर संस्थानाने पहिल्या महायुद्धामुळे निर्यातीविना पडून राहिलेल्या चंदनाचा उपयोग करण्यासाठी सरकारी साबणाचा उद्योग उभारला, आणि त्या चंदनी वडीला २००६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तिचे नाव काढले की गृहस्थ नुसता हसतो. तिला मुरायला वेळ कोण देतो, असा त्या हसण्याचा अर्थ. त्याच्या वड्यांचा प्रसार पूर्वी अत्तिबेले ते इलेक्ट्रॉनिक सिटी एवढाच होता, कारण सिल्क बोर्ड चौकातील वाहतूककोंडीने उरलेल्या शहराचे रक्षण केले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्रा ही पिवळी मेट्रो सुरू झाली, आणि जयनगरातले नातेवाईकही आता सुरक्षित नाहीत.

या माणसाची थट्टा करणे सोपे आहे, आणि ती थांबवण्याचे कारण नाइलाजानेच नोंदवावे लागते. कारखान्यात छटा नमुन्याशी तंतोतंत जुळली नाही तर अख्खी बॅच परत पाठवणे हेच त्याचे काम होते. त्याच्या सहीने माल अडत असे, आणि निरोपसमारंभात सहकाऱ्यांनी त्याच्या काटेकोरपणाचे कौतुक केले, तेही जरा दुरूनच. आता त्याच्या हातून काहीच नाकारले जात नाही. तडे गेलेली, कोपरे उडालेली, वरून सोड्याची पांढरी राख धरलेली वडीही कागदात नीट गुंडाळून शेजाऱ्याच्या दारी जाते. कन्नड त्याला 'स्वल्प स्वल्प'च्या पलीकडे येत नाही. दार वाजवायला मात्र वडी पुरते. शेजारीही त्याला रिकाम्या हाताने परत पाठवत नाहीत, त्यामुळे त्याच्या घरी चित्रान्न आणि ओब्बट्टू यांची आवक साबणाच्या जावकीपेक्षा अधिक आहे.

सांगलीच्या हळदीची वडी त्याने केली, तेव्हा मिश्रण साच्यातच तांबडेलाल झाले. समोरच्या अज्जींनी ते पाहिले, आत जाऊन चिमूटभर हळद आणली, पानाच्या डब्यातला ओला चुना तिच्यात कालवला आणि लाल झालेला तळवा त्याच्यापुढे धरला. शुभकार्यात ओवाळण्यासाठी कन्नड घरांतून हळद-चुन्याचे लाल पाणी करतात, त्याला ओकुळी म्हणतात. हळदीला खार लावून कुंकू करण्याची जुनी रीतही याच रसायनावर उभी आहे. रंगांच्या रसायनात उभी हयात घालवलेला तो गृहस्थ त्या तळव्याकडे पाहत राहिला, आणि मुरण्याविषयी प्रथमच काही बोलला नाही.

वडी अज्जींसाठी राखून ठेवली गेली. पण हळदीचा लाल रंग साबण मुरताना ओसरत जातो, तसा तोही ओसरला आणि वडी छान केशरी-पिवळी झाली; वर्षानुवर्षांच्या तपकिरीनंतर खुललेला हा पहिलाच रंग. अज्जींना लालच हवा होता. त्यांनी वडी परत आणून त्याच्या हातात ठेवली, "सार, रेड एल्ली?" असे विचारले, आणि त्याच्यापाशी उत्तर नव्हते, कारण ही वडी पूर्ण मुरली होती.